व्हर्लिनच्या आवाजातली मोकळी जागा

व्हर्लिन टॅकेट गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. कार्यक्रम आटोपून घरी केंटकीला येताना पुराच्या पाण्यात त्याची गाडी पुलावरून वाहून गेली. त्याची गाणी मात्र रेडिओवर वाजतच राहिली. रेडिओ लागला की त्याची धाकटी बहीण अल्मा घराबाहेर जायची.

लहानपणी दोघं चर्चमध्ये जोडीनं गायची. वरचा सूर त्याचा, खालचा तिचा. जिथं गाण्यांच्या रेकॉर्ड निघतात त्या नॅशव्हिलचं बोलावणं आलं आणि तो एकटाच गेला. अल्मानं अबोला धरला. मृत्यूच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला होता. "रेकॉर्डिंग आहे, येतेस का?"

"आता आठवली होय बहीण?" म्हणून तिनं फोन आपटला होता.

नऊ वर्षांनी रेकॉर्ड कंपनीचा पर्विस नावाचा माणूस दारात आला. "बाई, एका गाण्यात त्याचा एकट्याचाच आवाज आहे. खालचा सूर तुम्ही गा."

"मेलेल्या माणसाबरोबर?"

तिचा नवरा क्लीटस कोळशाच्या खाणीतून नुकताच येऊन बूट काढत होता. "जिवंत होता तेव्हा गायली नाहीस," तो खाली मान घालूनच म्हणाला. "आता तरी जा."

स्टुडिओत तिनं कानांवर हेडफोन चढवले. व्हर्लिन अगदी खांद्याशी उभा असल्यासारखा गाऊ लागला. पहिली ओळ संपली, त्यानं श्वास घेतला, आणि पुढे काहीच नाही. मग एकदम तिसरी ओळ.

"टेप खराब झालीय का?" तिनं विचारलं.

पर्विसनं टेप थांबवली. "नाही. तो दर वेळी तिथं थांबायचा. वाजवणारे वैतागले, तर म्हणाला, इथं अल्मा येते."

अल्मानं हेडफोन पुन्हा नीट बसवले. मग म्हणाली, "लावा पुन्हा." दोनदा तिची ओळ हुकली. तिसऱ्यांदा ती गायली.

रेकॉर्ड देशभर गाजली. तिनं ती घरात कधी लावली नाही. पण शेजारच्या खोऱ्यातल्या दोघी बहिणी जोडीनं गायला शिकायला आल्या, तेव्हा तिला नाही म्हणवेना. मग आणखी मुलं आली. वरचा सूर त्यांनी धरायचा, खालचा ती धरे. शिकवताना ती नेहमी त्यांच्याकडे पाठ करून बसे; वरचा सूर मग तिच्या खांद्याशी येई. का, ते कुणी विचारलं नाही.