रावजीच्या गॅरेजातला पाळणा

बाळाजीला एका जागी बसवत नसे. जेवायला बसला तरी एक गुडघा उभाच असायचा, जणू कुणी हाक मारली की ताटावरून तसाच पळायचा आहे. शेतावर गेला तर बांधावरून तीन फेऱ्या मारून यायचा. संध्याकाळी काही काम नसताना मैलभर चालत हमरस्त्यापर्यंत जायचा, गोव्याकडे जाणारे ट्रक बघायचा आणि तसाच परत फिरायचा. मुंबईची गोदी सोडून त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याची बायको कोकिळा म्हणायची, "मानूस गावाला आला, पाय अजून थितंच फिरताहेत."

१९६३ सालच्या चैत्रात माणगावचा रावजी त्याला शोधत गावात आला. रावजीचं हमरस्त्याला लागून गॅरेज होतं. जुनी भाताची गिरणी बंद पडली तेव्हा ती त्यानं घेतली होती. खाली दुरुस्तीची जागा, वर पोती ठेवायचा भक्कम सागवानी माळा. बोर्ली, श्रीवर्धन, दिघी या बाजूला ज्यांच्याकडे मोटरसायकली होत्या ते डॉक्टर, ओव्हरसियर, नारळाचे व्यापारी पावसाच्या तोंडावर गाड्या रावजीकडे आणून ठेवत. तिकडच्या तांबड्या रस्त्यांवर चार महिने चाकं रुतायची, आणि खाऱ्या वाऱ्यानं घरात ठेवलेली गाडीही गंजून जायची. पण गेल्या श्रावणात नदीचं पाणी गॅरेजात शिरलं आणि सात गाड्यांच्या इंजिनांत चिखल गेला.

"औंदा गाड्या माळ्यावर चढवायच्या," रावजी म्हणाला. "जिन्यानं जमत न्हाय. बुलेट म्हंजे भाताची दोन पोती. मी पाळणा करनार हाय. मुंबईला लिफ्ट असते तसा. दारुखान्याच्या भंगारबाजारातून हातानं फिरवायचं विंच आनलंय, तारेचा दोर आनलाय, कप्प्या आनल्या. पन ओझं वर चढवायचं काम मला ठावं न्हाय. तुला हाय."

"मी दोराला हात लावत न्हाय," बाळाजी म्हणाला.

रावजीनं पुढं आग्रह धरला नाही. कारण त्याला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. गोदीत बाळाजी खलाशी होता, बोटीतलं ओझं दोरानं बांधून वर घ्यायचं हे त्याचं काम. त्याच्या जोडीला सदू होता, गावचाच, सख्ख्या भावासारखा. एका दुपारी दोर तुटला, लोखंडी पत्र्यांची चळत खाली आली आणि सदू गेला. त्या सदूची बहीण बायजा ही रावजीची बायको. म्हणजे बाळाजीचं दुःख ते आपलंच दुःख, असं रावजी धरून चालला होता.

नाही म्हणून बाळाजी शेतावर गेला. तिसऱ्या दिवशी मात्र तो माणगावच्या वाटेला लागलेला होता. नुसतं बघायचं, एवढंच त्यानं स्वतःला सांगितलं.

गॅरेजात चार सागवानी खांब उभे राहिले होते. मधे लाकडी फळ्यांचा पाळणा, त्याला लोखंडाची चौकट, वर तुळईला कप्पी. रावजी घामानं निथळत होता आणि खूश होता. बाळाजीनं खांबांभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मग त्यानं कप्पीकडे बघितलं आणि विचारलं, "दोर तुटला तर?"

"नवाच हाय दोर."

"तुटला तर?"

"आरं, कशापाई तुटंल?"

बाळाजीनं सदरा काढून खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून तो रोज यायला लागला.

त्यानं खटक्यांची युक्ती काढली. पाळण्याच्या दोन बाजूंना लोखंडाचे दोन जाड खटके. दोर ताणलेला असेल तोवर ते आत ओढलेले राहणार. दोर सैल पडला रे पडला की ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून केलेली स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलणार, आणि ते खांबांवर ठोकलेल्या दातेरी पट्ट्यांत जाऊन रुतणार. दाते पाडायला त्यानं बारा दिवस घेतले. हॅकसॉची पाती मोडत होती, हातांना फोड येत होते, आणि एक दाता मनासारखा झाला नाही की तो पट्टी काढून पुन्हा कानस घेऊन बसत होता. बसत होता म्हणजे उकिडवा, टाचा उचलून.

रावजीचा जीव वरखाली व्हायला लागला. वैशाख संपत आला होता. "पुरे आता," तो म्हणायचा. "मुंबईच्या हापिसातल्या लिफ्टला बी एवढं नसंल." बाळाजी ऐकत नव्हता.

बायजा मागच्या दारातून चहा आणून ठेवायची. लहानपणी ती बाळाजीला दादा म्हणायची. सदू गेल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं. तो समोर आला की तिला भाऊ आठवायचा आणि तोंड मिटायचं. बाळाजीलाही ते बरंच होतं. ती येऊन उभी राहिली की त्याची कानस उगीच जोरात चालायची.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात पाळणा झाला. रावजीनं नारळ आणला. बाळाजी म्हणाला, "नारळ मागनं. आधी दोर तोडायचा."

"काय?"

"वर न्यायचा आनि दोर तोडायचा. त्याबिगर कळनार कसं?"

नदीवरून आणलेल्या वाळूची चार पोती पाळण्यावर ठेवली. तारेचा दोर आणि पाळणा यांच्यामधे बाळाजीनं काथ्याच्या दोराचा फास घातला. विंच फिरवून पाळणा पुरुषभर वर नेला. मग शिडीवर चढून हात लांब करून त्यानं कोयता उगारला. पहिला घाव वायाच गेला.

दुसऱ्या घावाला काथ्या तुटला. डावा खटका धाडकन बसला. उजवा बसला नाही. पाळणा एका अंगावर कलंडला, पोती घसरली, एक फुटलं आणि गॅरेजभर वाळू पसरली. रावजी मागे उडी मारून भिंतीला चिकटला. बाळाजी शिडीवरून उतरला. सरळ उजव्या खटक्यापाशी गेला. स्प्रिंग कमजोर पडली होती.

"रावजी, दुसरा पाटा दे," एवढंच तो बोलला.

चार दिवसांनी पुन्हा पोती चढवली. या वेळी बायजा चहा ठेवून आत गेली नाही. पदर खोचून उभी राहिली. घाव बसला, काथ्या तुटला. एकाच वेळी दोन आवाज झाले, आणि पाळणा बोटभर खाली येऊन जागच्या जागी थांबला. पोतं हललं नाही. रावजी ओरडला, टाळ्या वाजवायला लागला. बाळाजी शिडीवर तसाच उभा, कोयता हातात.

बायजा पुढं आली. नऊ वर्षांनी ती त्याच्याशी बोलली.

"त्या दिशी दोर बघितलावता तुमी?"

बाळाजी खाली उतरला. कोयता ठेवला. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. नऊ वर्षं त्यानं तेच केलं होतं.

"बघितलावता," तो म्हणाला. "सकाळीच बघितला. चार तारा तुटून वर आल्यावत्या. मुकादमाला दाखवला. त्यो म्हनाला, बोट रिकामी व्हायला पायजे, आजच्या दिस चालव. मी चालवला. सदूला सांगितलं न्हाय."

"आनि चौकशीच्या कागदावर काय लिवलं?"

"दोर चांगला व्हता. सदू आपल्याच चुकीनं खाली हुबा ऱ्हायला. मी अंगठा दिला. न्हाय दिला तर उद्यापासनं येऊ नको, म्हनाले. मागनं मीच गोदी सोडली. त्याची चूक नव्हती, बायजा. त्यो त्याच्या जागंवरच व्हता."

रावजीच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. बायजा वळली, आत गेली आणि दाराला कडी घातली. रावजीनं खुंटीवरचा सदरा काढून बाळाजीच्या हातात दिला. "जा आता," तो म्हणाला.

बाळाजी गेला. पुढचे तीन दिवस त्यानं पेरणीचं रान चार वेळा तुडवलं. कोकिळेनं काय झालं विचारलं, तर तिलाही सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. ती चुलीपुढं डोक्याला हात लावून बसून राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी बायजा बांधावर उभी दिसली. माणगावहून एकटी चालत आली होती. पायांना तांबडी धूळ लागलेली.

"गाड्या आल्यात," ती म्हणाली. "नऊ. बोर्लीचा डाक्टर म्हनतो, कोन चढवनार? ह्ये म्हनाले, मी चढवतो. मी न्हाय म्हनलं. तो दोर तुमीच बघायचा. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय."

"मला सांगतेस?"

"तुमाला भ्या हाय. दुसऱ्याला न्हाय." ती थोडी थांबली. "गाड्या चढल्या की माज्यासंगं आईकडं यायचं. नऊ वर्सं ती पोराला बेपर्वा म्हनून रडते."

त्या दिवशी बाळाजीनं नऊ मोटरसायकली माळ्यावर नेल्या. प्रत्येक खेपेला त्यानं दोर वीतभर वीतभर करत फडक्यानं पुसला, बोटानं चाचपला. डॉक्टरांची बुलेट, ओव्हरसियरची नवी कोरी जावा, महायुद्धानंतर लिलावात घेतलेली एक जुनी मोठी गाडी. रावजी विंच फिरवत होता आणि बाळाजीच्या तोंडाकडे न बघता फक्त "व्हय?" विचारत होता. बाळाजी "व्हय" म्हणाला की दांडा फिरायचा.

दुसऱ्या दिवशी तो बायजाबरोबर तिच्या आईच्या, ठमाबाईच्या घरी गेला. म्हातारी ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. बाळाजीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही. शेवटी तिनं ते खाली ठेवलं.

"त्यानं वर बघितलं का रं, दोर तुटला तवा?"

"न्हाय आय. पाठमोरा व्हता."

तिनं पदरावरचा कोंडा झटकला. मग म्हणाली, "माज्या कानात येऊन सांगितलंस. बाकीच्यांचं काय? भावकी म्हनते, सदूला अक्कल नव्हती. त्याच्या नावानं पोरांना दटावतात. उद्या देवळाम्होरं सांग. मोठ्यानं."

बाळाजीनं बायजाकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आरती संपल्यावर तो देवळाच्या पायरीवर उभा राहिला. पंचवीस-तीस माणसं होती. तो मोठ्यानं बोलायला लागला. मुकादम, तुटलेल्या चार तारा, कागद, अंगठा. त्यानं काही वगळलं नाही. सदूचा चुलता तुकाराम मधेच उठला, त्याच्या अंगावर धावून गेला आणि थोबाडीत मारली. लोकांनी त्याला धरलं. बाळाजी गालावर हात न ठेवता तसाच उभा राहिला आणि उरलेलं सांगून मगच पायरी उतरला.

त्या पावसात गॅरेजात गुडघाभर पाणी आलं, ओसरलं, परत आलं. माळ्यावर गाड्या कोरड्या होत्या. तुकारामानं बाळाजीशी बोलणं कायमचं टाकलं, आणखी दोन-तीन घरांनीही टाकलं. बायजा बोलायची, पण कामापुरतं. दादा ती पुन्हा कधी म्हणाली नाही. पोरांना मात्र आता कुणी सदूच्या नावानं दटावत नव्हतं.

बाळाजीच्या पायांची चुळबुळ थांबली असं काही झालं नाही. आठवड्यातून दोनदा, धो धो पावसातही, तो घोंगडी घेऊन माणगावला जायचा, शिडी लावायचा आणि माळ्यापासून विंचपर्यंत सगळा दोर पुसून, चाचपून, तेल देऊन यायचा. कोकिळा दारातून विचारायची, "गाड्या तर दसऱ्याला उतरनार. आता काय बघायला जाता?"

"दोर," तो म्हणायचा, आणि चिखलातून वाटेला लागायचा.