शेवगाव गाडीतली कोकरं

नगर-शेवगाव गाडीवर कंडक्टर असलेल्या दिपालीच्या पिशवीत तिकिटाच्या मशीनशेजारी कायम विणकामाच्या दोन सुया असायच्या. शेवगावच्या स्टँडवर गाडी चाळीस मिनिटं थांबायची. ड्रायव्हर बिभीषण तेवढ्यात चहा पिऊन सीटवर आडवा व्हायचा आणि दिपाली मागच्या बाकावर पाय वर घेऊन विणत बसायची. अकरा वर्षांपूर्वी वाटेतल्या मिरी गावाला रोज जाणाऱ्या एका नर्सबाईंनी तिला सुलट आणि उलट असे दोन टाके दाखवले होते. पुढं बाईंची बदली झाली आणि दिपालीला मात्र विणकामाचा नाद लागला तो लागलाच. डेपोतल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर तिने विणलेल्या कानटोप्या होत्या. नवरा कल्याण म्हणायचा, "आता गाडीलाच एक स्वेटर घाल, म्हणजे सुटलो."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मिरीच्या पुढच्या एका फाट्यावर एक म्हातारी गाडीत चढली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, काखेत काळ्या लोकरीचं गाठोडं. पुढच्या सीटवर बसली, गाठोड्यातून हातभर लांबीची, खाली चकती असलेली लाकडी चाती काढली आणि गाडी हलायच्या आत सूत कातायला लागली. गरगर फिरत चाती सीटांच्या मधल्या वाटेत खाली उतरायची, मग ती सूत गुंडाळून घ्यायची, परत सोडायची.

"आजी, ते आत घ्या. कुणाच्या तरी पायात येईल," दिपाली म्हणाली.

"न्हाई येत. तू तुजी तिकिटं फाड."

तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. बिभीषणने नेहमीसारखीच गाडी न थांबवता उडवली. माणसं सीटवरून वर गेली आणि खाली आली, वरच्या फळीवरून कुणाचा तरी डबा पडला. चाती तेवढी एकदा झोकांडली आणि परत आपली फिरायला लागली. सूत तुटलं नाही. म्हातारीचं हातांकडे लक्षही नव्हतं. ती खिडकीतून बाजरीची रानं बघत होती. दिपाली आडव्या दांडीला धरून त्या बोटांकडे बघत राहिली. इतकी की घंटी द्यायची राहिली, पुढच्या थांब्याला उतरणारे दोघेजण तसेच पुढं गेले आणि मग तिच्याशी भांडले.

म्हातारीचं नाव लंकाबाई. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांतली. कातलेलं सूत शेवगावात घोंगडीवाल्याला द्यायला निघाली होती. मुलगा पुंजाराम तिला स्टँडवर घ्यायला येणार होता, त्याची वाट बघत ती दिपालीच्या शेजारीच येऊन टेकली. दिपालीच्या सुईवरचा निळा स्वेटर तिने दोन बोटांत धरून चोळला. मग नाकाला लावला.

"कंच्या मेंढराची ही लोकर?"

"दुकानातली आहे, आजी. कापड बाजारातली."

"मंग दुकानदाराला इचारायचं, कंच्या मेंढराची म्हणून."

कमरेच्या चंचीतून तिने काडेपेटी काढली. "एवढा एक तुकडा दे." धाग्याला काडी लावताच तो वितळला आणि काळी, कडक गोळी होऊन फरशीवर पडली. प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. मग लंकाबाईंनी आपल्या सुताचा तुकडा पेटवला. तो चुरचुरला, केस जळल्यासारखा वास आला, आणि काडी बाजूला घेतल्याबरोबर आपोआप विझला. बोटांत चुरगाळला तर त्याची राख झाली.

"ही लोकर," म्हातारी म्हणाली. "ती न्हाई."

घरी गेल्यावर दिपालीने लोकरीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर पहिल्यांदाच वाचलं. नववीतल्या लेकीने, पंकजाने, मोबाईलवर शोधलं आणि ती हसत सुटली. "आई, हे खनिज तेलापासून करतात. म्हणजे तू अकरा वर्षं पेट्रोलच्या भावकीतलंच काहीतरी विणतेस!" कल्याणही हसला. दिपालीला फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. तिला नवल वाटलं ते स्वतःचंच. हजारो हात धागा आपल्या बोटांवरून गेला आणि तो येतो कुठून, हे एकदाही मनात आलं नाही?

त्या मोसमात पुंजारामचा मेंढवाडा त्याच रस्त्याच्या कडेनं एका रानातून दुसऱ्या रानात हलत होता. दोन-तीन दिवसांआड लंकाबाई फाट्यावर दिसायच्या. गाडीत चढल्या की ओंजळभर लोकर दिपालीच्या पिशवीत कोंबायच्या. "ही भुरीची हाय. ही त्या कान फाटलेलीची, जरा राठ हाय." जुनी एक चातीही त्यांनी दिली. पण शिकवायच्या म्हणजे काय, तर नुसतं बघायच्या आणि म्हणायच्या, "वढू नको गं. सोड. ती आपल्या मनानं येती."

लोकर काही आपल्या मनाने येत नव्हती. सूत कुठं सुतळीएवढं जाड व्हायचं, कुठं केसाएवढं बारीक, आणि चाती धाडकन फरशीवर आपटायची. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. डाळीत लोकर, अंथरुणात लोकर, कल्याणच्या कंपनीच्या शर्टावर लोकर. महिना असाच गेला.

मग एका रविवारी सकाळी ती दूध गॅसवर ठेवून कट्ट्यापाशी उभी होती. हाताला चाळा म्हणून चाती फिरवली. दुधाकडे बघता बघता काही वेळानं तिच्या ध्यानात आलं की मघापासून चाती पडलेलीच नाही. तिने खाली बघितलं. सूत उतरत होतं. डाव्या हातातल्या ढगासारख्या पुंजक्यातून बोटभर लांबीचे केस एकेक करून पुढं सरकत होते, पीळ चढला की एकमेकांना धरत होते, आणि तोवर मागून पुढचे केस येत होते. गाठ नाही, डिंक नाही. तिने दोन्ही हातांनी धागा ताणला. तो तुटेना, उलट बोटात रुतला. नुसत्या पिळावर! दूध उतू जाऊन गॅस विझला तरी ती तशीच उभी. पंकजा धावत आली, "आई, अगं काय करतेस?" दिपालीने तिच्यासमोर धागा धरला. "हा मी केला," एवढंच तिला सुचलं.

त्या सुताची तिने बिनबाह्यांची बंडी विणली. काळी, खडबडीत, एका बाजूला जरा लांब. कल्याणने अंगात घातली आणि दोन मिनिटांत काढून दिली. "टोचतंय." मग दिपालीच ती खाकीच्या आतून घालायला लागली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला. दुपारची गाडी नगरहून निघाली तेव्हाच आभाळ काळंठिक्कर झालं होतं. मिरीच्या पुढं गारा सुरू झाल्या. टपावर एवढा आवाज की माणसाला माणसाचं ऐकू येईना. पुढच्या ओढ्यावर बिभीषणने गाडी थांबवली. रस्त्यावरून मांडीएवढं पाणी वाहत होतं आणि पलीकडे एक बाभूळ आडवी पडली होती.

"तासभर तरी हलत न्हाई आता," तो म्हणाला.

गारा थांबून नुसता पाऊस उरला तेव्हा दिपालीने काच पुसून बाहेर बघितलं. रस्त्याच्या डावीकडे, कापणी झालेल्या बाजरीच्या रानात, कुणीतरी वाकून काहीतरी उचलत होतं. हिरवं लुगडं तिने ओळखलं.

ती तशीच खाली उतरली. रानात घोट्याएवढा चिखल झाला होता. मेंढरं घेऊन पुंजाराम सकाळीच चारायला लांब गेला होता; मागे जाळीच्या कुंपणात कोकरं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला लंकाबाई. कुंपणात पाणी भरलं होतं. कोकरं एकमेकांना चिकटून थरथरत होती, काही तर थरथरायचीही थांबली होती. लंकाबाईंनी आपली घोंगडी चार-पाच कोकरांवर टाकली होती आणि दोन काखेत घेतली होती.

"किती आहेत?" दिपालीने विचारलं.

"छत्तीस. माजी घोंगडी येक." म्हातारीचे ओठ निळे पडले होते. "धा-बारा दिसांची बी हायेत गं."

दिपाली गाडीपाशी परत आली. "बिभीषणभाऊ, दार उघडं ठेवा. कोकरं आत आणायची आहेत."

"ताई, नियमात बसत न्हाई ते."

"आधी कोकरं बसवू, नियमाचं मग बघू."

बिभीषणने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्याआधी रानात उतरला. त्याच्यामागून एक कॉलेजचा मुलगा, मग बाजार करून परत निघालेले दोन म्हातारे, मग अंगावर बाळ असलेली एक बाई, बाळ शेजारणीकडे देऊन. वीसएक मिनिटांत छत्तीस कोकरं गाडीत आली. कुणी उपरण्याने पुसलं, कुणी पदराने. शाली निघाल्या, नवऱ्या मुलीसाठी घेतलेली कोरी चादर निघाली. सीटासीटांवर माणसं मांडीवर कोकरू घेऊन बसली होती. "चोळत ऱ्हावा, थांबू नका," लंकाबाई एकेकाला सांगत होत्या. एवढी माणसं, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. काचांवर आतून वाफ धरली. हळूहळू त्या वाफेतून एक बारीक आवाज आला, मग दुसरा, आणि मग सगळी गाडी बेंबें करायला लागली. नगरहून निघताना सीटसाठी भांडलेले दोन प्रवासी एकमेकांना आपापलं कोकरू दाखवून हसत होते.

दोन कोकरं मात्र हलली नाहीत. त्यातलं एक बिभीषणच्या हातात होतं. तो कितीतरी वेळ त्याला चोळत राहिला. शेवटी लंकाबाईंनीच ते त्याच्याकडून काढून घेतलं.

तेव्हा कुठं दिपालीच्या ध्यानात आलं की आपण नखशिखांत भिजलो आहोत. तो कॉलेजचा मुलगा भिजलेल्या स्वेटरमध्ये दात वाजवत होता. तिचे हातपाय गारठले होते, पण छातीला आणि पाठीला थंडी नव्हती. तिने शर्टाच्या आत हात घातला. बंडी पिळून काढण्याइतकी ओली होती आणि तरी ऊब देत होती.

पाऊस ओसरला आणि रानाच्या कडेला मेंढरं दिसली. दोनशेच्या वर, चिखलाने माखलेली, आणि त्यांच्यामागे डोक्यावर पोतं घेतलेला पुंजाराम. रिकामं कुंपण बघून तो ओरडतच धावला. लंकाबाईंनी गाडीच्या दारातून हात हलवला.

"सोडा आता समदी," त्या म्हणाल्या.

दिपाली घाबरली. "आजी, असं कसं? कुणाचं कुठलं ते कसं कळणार?"

"आपल्याला कशाला कळाया पायजे? त्येंना कळतंय की."

एकेक कोकरू पायऱ्यांवरून खाली गेलं. तिकडून मेंढ्या ओरडत धावत आल्या, इकडून कोकरं. एकच कालवा. काळ्या, भुऱ्या पाठी, चिखल, पाय, काही उमगेना. आता तुडवातुडवी होणार असं तिला वाटलं. पण मेंढ्या थांबत होत्या, हुंगत होत्या, आपलं नसेल त्याला डोक्याने बाजूला सारत होत्या आणि पुढं जात होत्या. कोकरं दहा आवाजांतून एकाच आवाजाकडे वळत होती. दिपालीच्या डोळ्यांदेखत तो गोंधळ आपोआप सुटत गेला. अवघ्या काही मिनिटांत रानात आवाज उरला नाही. कोकरं गुडघे टेकून आयांना लुचत होती आणि शेपट्या थरथरत होत्या. गाडीतली सगळी माणसं खाली उतरून रस्त्यावर नुसती उभी होती. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

सगळ्यात अशक्त कोकरू अजून दिपालीच्या हातात होतं. एक कान फाटलेली मेंढी थेट तिच्याकडे आली, कोकराला हुंगलं आणि घशातल्या घशात हाक मारली. दिपालीने गुडघ्यावर बसून त्याला तिच्या कासेला लावलं. तोल सावरायला तिने मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. वरून लोकर थंडगार, पाणी ठिबकत होतं. बोटं आत गेली, आणखी आत गेली, आणि कातडीपाशी पोचली. तिथं कोरडं होतं. पाऊस तिथवर पोचलाच नव्हता. भाकरी तव्यावरून उतरल्यावर जशी असते तशी ऊब होती, आणि त्या उबेत मेंढीचं काळीज शांतपणे चाललेलं तिच्या बोटांना लागत होतं. तिने हात काढला नाही. अकरा वर्षं ती 'मी ऊब विणते' म्हणायची. आज त्या उबेला तिने पहिल्यांदा हात लावला होता, असं तिला वाटलं, आणि का कोण जाणे, डोळे भरून आले.

"बस तशीच," लंकाबाई मागून म्हणाल्या. "ती काय म्हनत न्हाई."

बाभूळ तोडून रस्ता मोकळा व्हायला दोन तास लागले. परतीच्या फेरीनंतर बिभीषण आणि दिपालीने डेपोत पाइप लावून गाडी धुतली. उशीर का झाला, हे साहेबांनी लेखी मागितलं. दिपालीने लिहिलं: ओढ्याला पाणी, रस्त्यावर झाड, गाडीत छत्तीस कोकरं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मेली का गं काही?" त्यांनी विचारलं, आणि मग कागद फाइलला लावला.

घरी कल्याणने गरम पाणी काढून ठेवलं होतं. मोबाईलवर कुणीतरी गाडीचा फोटो पाठवला होता, त्यामुळे त्याला बरंच ठाऊक होतं.

"दोन गेली म्हणे."

"हो."

"आणि बाकीची?"

"बाकीची आपापल्या आयांकडं गेली," दिपाली म्हणाली. तिला अजून सांगायचं होतं. ती कशी गेली, किती थोड्या वेळात, आणि सगळं रान कसं एकदम गप्प झालं, हे सांगायला तिने तोंड उघडलं. कल्याण थांबून राहिला होता. शेवटी तिने त्याचा हात ओढून बंडीखाली, आपल्या कुशीवर ठेवला. बंडी अजून ओलीच होती. त्याने हात काढून घेतला नाही, आणि टोचतंय असंही म्हणाला नाही.