डाव्या गालावरचा तीळ

आई मला ‘बाई’ म्हणते. कामाला ठेवलेल्या बाईला म्हणतात तसं. परवा म्हणाली, "बाई, तुमची आई वाट बघत असेल, जा आता घरी." मी जरा भांडी आपटली. काय करणार, राग येतो. नोकरी सांभाळून, लग्नबिग्न बाजूला ठेवून हिचं केलं, आणि हिला मी कोण तेच ठाऊक नाही. जायच्या आधी एकदा तिने मला क्षिप्रा म्हणून हाक मारावी, बाकी मला काही नको.

फोटो दाखवून झाले. मोबाइल पुढे केला की ती तोंड फिरवते. पण चित्रं तिला कळतात. लहानपणी पाटीवरची मासोळी माझी की वल्लरीची, हे ती लांबून सांगायची. वल्लरी माझी जुळी बहीण. दोघी इतक्या सारख्या की न्हाऊ घालताना आई आधी गाल बघायची. माझा तीळ डाव्या गालावर, तिचा उजव्या. दहा वर्षांची असताना वल्लरी किहीमच्या खडकांवर शिंपले वेचायला गेली आणि भरतीने तिला नेलं. सापडलीच नाही. आईने तिच्या फोटोला हार घालू दिला नाही, आणि तिचं नावही पुन्हा कधी काढलं नाही.

तेव्हा ठरवलं, स्वतःचा चेहरा रंगवायचा आणि आईच्या पलंगासमोर टांगायचा. रोज बघून बघून डोक्यात बसेल. कपाटाचा आरसा काढून पडवीतल्या खांबाला टेकवला. खाऱ्या हवेने त्याचा पारा कडेकडेने उडालाय. शाळेत चित्रकला शिकवताना मी जन्मभर मुलांच्या कानीकपाळी ओरडले, माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. मीही तेच केलं.

काम चांगलं चाललं होतं, पण बसायला नको वाटायचं. मान वर करावी तर आरशातली आधीच माझ्याकडे बघत असायची. असणारच म्हणा, आरसा तो. तरी भीती वाटायची, भर दुपारी, वाडीतला पंप चालू असताना. ओठ माझेच होते, पण ते हसायच्या बेतात होते, आणि मी तर हसत नव्हते. उगाच खूळ डोक्यात घेऊ नकोस, असं स्वतःला दटावून रंगवत राहिले. सगळ्यात शेवटी तीळ काढला.

चित्र टांगलं तशी आई उशीवरून उठली. कितीतरी महिन्यांत ती इतकी ताठ बसली नव्हती. तिचे डोळे भरून आले. मला गलबलून आलं, मी पुढे झाले.

"वल्लरी," ती चित्राला म्हणाली. "आलीस गं बाय? केवढी मोठी झालीस."

मी चित्राकडे नीट पाहिलं. तीळ उजव्या गालावर होता. आरशात दिसला तिथेच मी तो काढला होता.

"बाई, हिला पाणी द्या," आई मला म्हणाली. मी तांब्याभांडं आणलं, आणि काय करावं ते न कळून चित्राखाली ठेवलं.

मग आईने दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"एकटीच आलीस? आपली क्षिप्रा कुठे राहिली?"

माझं नाव, आईच्या तोंडून. मी ओ द्यायला हवी होती. पण तिने विचारलं होतं वल्लरीला, आणि मीही चित्राकडे बघत उभी राहिले, ती काय सांगते ते ऐकायला.