आईला चढता येईल अशी गाडी

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवता बसवता ताईची चाळिशी उलटली, तेव्हा कुठे तिने स्वतःची गाडी घेतली. घेतली तीही उंच सीटची, आईसाठी. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. पण या गाडीचं दार उघडलं की आई पाठमोरी उभी राहायची, नुसती मागे टेकायची आणि पाय आत घ्यायची. दर रविवारी मायलेकी मावशीकडे जायच्या. दोघी म्हाताऱ्या बहिणी आठवडाभराचं बोलणं त्या एका दुपारी उरकायच्या.

मग धाकट्या भावाने फरशांचं दुकान काढायचं ठरवलं.

"ताई, एकटीला एवढी मोठी गाडी? वऱ्हाड न्यायचंय का तुला?" तो हसत म्हणाला. "ही विक, एखादी लहान, जुनी घे. वरचे पैसे मला दे. सहा महिन्यांत परत करतो, आईशप्पथ."

जिची शपथ घेतली ती समोरच बसली होती. म्हणाली, "दे गं. त्याला संसार आहे. तुला कोण आहे मागेपुढे?"

हे ताईच्या जिव्हारी लागलं. पण तिने गाडी विकली, एक लहान जुनी घेतली आणि वरचे पैसे त्याला दिले.

या बुटक्या गाडीत बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. पहिल्याच रविवारी आई कशीबशी आत बसली, पण मावशीच्या फाटकाशी काही केल्या उठेना. ताईने काखेत हात घालून ओढलं, मावशी पायरीवरून "जोर लाव, जोर लाव" ओरडत राहिली. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी पोतं उतरवावं तसं तिला बाहेर काढलं. आई रडवेली झाली. परतल्यावर म्हणाली, "पुन्हा या डबड्यात पाय ठेवणार नाही."

ठेवलाही नाही. मावशीकडे जाणं बंदच झालं.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. फरशांचं दुकान जोरात चाललं होतं. पैशांचं नाव काढलं की धाकटा म्हणायचा, "माल अडकलाय गं." आणि एका रविवारी तो दारात हॉर्न वाजवत आला. कोरी करकरीत गाडी, ताईच्या आधीच्या गाडीहूनही उंच.

"गिऱ्हाइकांवर छाप पडायला नको?" तो म्हणाला.

आई मागे टेकली, पाय आत घेतले. "बघ," तिने खिडकीतून लेकीला सुनावलं, "याला म्हणतात गाडी! आईला काय लागतं ते त्याला बरोबर कळलं."

"आई, त्यात माझे पैसे आहेत."

"भावाला दिलेलं असं बोलून दाखवू नये," आई म्हणाली. धाकट्याने काच वर केली.

तो तीन रविवार आईला मावशीकडे न्यायला आला. चौथ्या रविवारी आई सकाळी दहापासून तयार होऊन बसली. बारा वाजता फोन आला, "ताई, आज जमत नाही. तूच ने ना."

"चल आई, मी नेते. सावकाश उतरवीन."

"तुझ्या गाडीत नको." आईने चपला काढल्या. "तो नेईल पुढच्या रविवारी. किती व्याप आहेत बिचाऱ्याला!"

ताईने दोघींची पानं वाढली. जेवण होईतो आईने तीनदा विचारलं, त्याचा पुन्हा फोन आला का.