लेथ ऐकायला गेलो तेव्हा

जुनं लेथ घ्यायला जाताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. डोळे रंगाला भुलतात. ताजा रंग फासलेलं जुनं मशीन दिसलं की मला आधी विचारावंसं वाटतं, बाबा रे, लपवतोयस काय? त्यापेक्षा अंगठ्याचं नख बरं. ज्या दोन लोखंडी रुळांवरून हत्यार पुढेमागे सरकतं, त्यांना बेड म्हणतात. त्या बेडवरून नख फिरवायचं. चकजवळ, म्हणजे लोखंड धरून फिरवणाऱ्या जबड्यापाशी, जिथं सगळं काम होतं, तिथं रूळ झिजला असेल तर नख अडतं. मग मशीन चालू करायला लावायचं आणि गप्प उभं राहून ऐकायचं. आतली बेअरिंग आपली कुंडली आपल्याच तोंडाने सांगतात.

कारखान्यात मला कानसेन म्हणायचे. शेवटच्या रांगेतल्या लेथवर हत्यार बोथट झालं की मी माझ्या जागेवरून सांगायचो, अरे, धार लाव. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण लोखंडाचं रडणं आणि हसणं मला वेगळं कळायचं, आणि त्या जोरावर मी सगळी नोकरी रुबाबात काढली.

निवृत्त झालो आणि घरामागच्या खोलीत छोटं वर्कशॉप करायचं ठरवलं. एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक टेबल. तळहातावर मावेल असं वाफेचं इंजिन बनवायचं, कुणासाठी नाही, माझ्यासाठी. मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात?" पण बाप किती हट्टी आहे हे त्याला माहीत असल्यामुळे पुढे म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही निवडाल ते आणू."

इथंच पंचाईत होती. वर्षभरापासून मला नीट ऐकू येत नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. जग कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं झालं होतं. बायकोला संशय आला नाही, कारण तिच्या मते मी तिचं कधीच ऐकत नव्हतो, त्यामुळे तिला फरक कळायचं कारण नव्हतं. पण मला एक गोष्ट पक्की माहीत होती. ज्याला हत्याराचा आवाज बदललेला कळत नाही, त्याने फिरत्या लोखंडासमोर उभं राहू नये. हे मीच नव्या माणसांना दम देऊन शिकवलं होतं. घरात कळलं असतं तर लेथ आलं नसतं, आणि घरच्यांचं काही चुकलं नसतं. लेथ नाही तर मग सकाळी उठून मी करणार काय? त्यामुळे मी तोंड मिटून होतो.

त्यात मुलाला रजा मिळेना. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "मी नेते व्याह्यांना. गाडी आहे माझी."

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. बाई स्वभावाने लाख, पण त्यांनी जन्मभर इस्पितळात काय काम केलं असेल? कान तपासायचं. माणसांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानात बारीक शिट्या वाजवायच्या आणि ऐकू आली की बोट वर करायला लावायचं. जगात इतकी खाती आहेत, पण माझ्या नशिबी नेमकी ही विहीण आली. वर्षभर मी त्यांच्यापासून चार हात लांब होतो. जेवताना त्यांच्या शेजारी चुकूनही बसायचो नाही. समोर बसायचो, म्हणजे ओठ दिसतात.

आता नाही म्हणायला कारण सुचेना. गेलो.

जुन्या मशीनचं दुकान म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. दारातच तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास आला आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. दुकानदार पोटावर हात ठेवून बसला होता. "बघा सावकाश," तो म्हणाला. "इथं कुणी मागे लागत नाही."

मिलिंग मशीनपासून सुरुवात केली. लेथमध्ये काम फिरतं आणि हत्यार त्याला कापतं. मिलिंगमध्ये उलट, हत्यार फिरतं आणि काम टेबलावर बसून त्याच्याखालून सरकतं. म्हणून मिलिंग घेताना त्या टेबलाचं हँडल बघायचं. पहिल्या मशीनचं हँडल मी उलटं फिरवलं, तर ते पाव फेरा नुसतंच फिरलं आणि टेबल ढिम्म हललं नाही, म्हणजे आतला स्क्रू झिजलेला. दुसरं इतकं मोठं होतं की ते खोलीत गेलं असतं आणि मी अंगणात राहिलो असतो. तिसरं कोपऱ्यात उभं होतं. रंग गेलेला, एका बाजूला पोचा, दिसायला अगदी गरीब. पण हँडलला नुसतं बोट लावलं तरी टेबल हलायचं. विहीणबाईंनीही फिरवून पाहिलं.

"हे शहाणं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"हेच घ्यायचं," मी म्हणालो. हात अजून शाबूत होते. मला जरा धीर आला.

मग लेथ. माझ्या मापाची दोनच होती. एकाला चकचकीत हिरवा रंग फासलेला. मी नाक मुरडलं, पण बेडवरून नख फिरवलं तर कुठंही अडेना, एकदम नव्यासारखा. दुसऱ्याचा रंग जुनाच होता, प्रामाणिक वाटत होता, पण चकजवळ नख खटकन अडलं. म्हणजे आता निकाल कानावर होता.

दुकानदाराने हिरवं लेथ चालू केलं. मी मान तिरकी करून, डोळे बारीक करून उभा राहिलो. कारखान्यात असाच उभा राहायचो. चक गरगर फिरत होता आणि मला दुरून कुठूनतरी मोटरची पुसट घूं ऐकू येत होती. बाकी काही नाही. काही ऐकू येत नाही म्हणजे काही वाजत नाही, असं मी मनाला पटवलं.

"बेअरिंग लोण्यासारखी आहेत," मी म्हणालो.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. पलीकडे पाना घासणारा कामगार हात थांबवून हसला. विहीणबाईंनी एक कान तळहाताने झाकला होता, हे मला तेव्हा दिसलं.

"व्याह्यांना चेष्टा करायची सवय आहे," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "जरा बंद करा. आम्ही दोघं बोलतो."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. विहीणबाई माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या, ओठ नीट दिसतील अशा. तिथंच मला कळलं की यांना सगळं माहीत आहे.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी वर्षभर बघतेय. मागे तोंडावर हात धरून मी तुम्हाला विचारलं होतं, तुमचं नाक चोरीला गेलंय का? तुम्ही म्हणालात, हो, हो, छानच झालं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग घरी सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तुमचं तुम्ही सांगायचं. मी वाट बघत होते."

"आता सांगा," मी म्हणालो. माझा आवाज चढला असणार, कारण कामगाराने पुन्हा वर पाहिलं. "सांगा की म्हातारा बहिरा झाला. लेथ नको मला. निघू या."

त्या निघाल्या नाहीत. फळीवरचा एक लांब स्क्रूड्रायव्हर उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "टोक मशीनच्या अंगाला लावा आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा."

ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही. कारखान्यात नवखे लोक असंच दांड्याने बेअरिंग ऐकायचे आणि मी त्यांना हसायचो. कानसेनाला काठी कशाला? "मी जन्मात कधी वापरला नाही हा प्रकार," मी म्हणालो.

"म्हणूनच वर्ष वाया गेलं. लावा."

दुकानदाराला हाक मारून त्यांनी मशीन पुन्हा चालू करायला लावलं. मी त्यांना बाही वर दुमडायला सांगितली, कारण फिरत्या चकजवळ सैल कपडा नको, आणि राग असला तरी नियम तो नियम. मग चकच्या मागे, बेअरिंग ज्या लोखंडी पेटीत बसतं तिच्यावर मी टोक टेकवलं आणि मूठ कानामागे दाबली.

आणि ऐकू आलं. डोक्याच्या आतून आलं, पण स्वच्छ आलं. बेअरिंग खडे चावल्यासारखं करकरत होतं. मध्येच एक गोळी अडायची आणि खट करून सुटायची. त्यामागे गिअर कुरकुरत होते. इतका भिकार आवाज मी इतक्या आनंदाने कधी ऐकला नसेल. मी दुसऱ्या लेथकडे धावलो, ते चालू करायला लावलं, तिथं टोक टेकवलं. ते संथ, एकसुरात गुणगुणत होतं. दोन्हींतला फरक मला कळत होता. भर दुकानात माझे डोळे भरून आले आणि मी ते बाहीने पुसले.

"म्हणजे हे दुसरं घ्यायचं," विहीणबाई म्हणाल्या.

"छे. याचा बेड झिजलाय. बेड गेला की मशीन गेलं. हिरव्याचं बेअरिंग तेवढं खराब आहे. ते काढायचं आणि नवं घालायचं. पाया धड आहे ना, मग वरचं दुरुस्त होतं. तेवढ्यासाठी कुणी अख्खं मशीन भंगारात काढतं का?"

त्यांनी आधी हिरव्या लेथकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. मला कळायला जरा वेळच लागला.

"हाडातून ऐकू आलं ना?" त्या हळूच म्हणाल्या, पण ओठ नीट हलवून. "मग बहुतेक आतली नस धड आहे. बिघाड अलीकडे कुठंतरी आहे. मी शब्द देत नाही, तपासावं लागेल. पण बेअरिंगचं असण्याची शक्यता जास्त. आणि तुम्ही स्वतःला भंगारात काढून बसलात."

मी हिरवं लेथ घेतलं.

घरी मी स्वतःच सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे खरंच ऐकू येत नव्हतं? मला वाटलं नेहमीचंच आहे." मग आत जाऊन रडली. तपासणीत निघालं की कानातलं एक इवलंसं हाड जाम झालं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, तेल घालून सुटणार नाही का? ते हसले आणि ऑपरेशनचा दिवस ठरवला. प्रत्येक फेरीला विहीणबाई बरोबर होत्या. मुलगा म्हणाला मी नेतो, तर त्यांनी त्याला वाटेला लावलं.

कान बरा होईपर्यंत मुलाने आणि मी मिळून बेअरिंग बदललं. म्हणजे हात त्याचे, तोंड माझं. मग एका रविवारी सगळे मागच्या खोलीत जमले आणि मी लेथ चालू केलं. चक फिरला. मी मान तिरकी केली. स्क्रूड्रायव्हर नव्हता, काही नव्हतं, नुसता कान.

"आता कसं, अजिबात आवाज नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"आहे," मी म्हणालो. "मोटरचा पट्टा फिरतोय ना, त्याचा जोड पुलीवरून जाताना टिक करतोय. ऐका."

त्या वाकल्या. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "मला नाही हो ऐकू येत."

"मला येतंय, ताई," मी म्हणालो.

व्याह्याने विहिणीला ताई म्हणावं की नाही, मला माहीत नाही. तोंडातून तेच निघालं. त्यांनी मला दुरुस्त केलं नाही, फक्त म्हणाल्या, "मग बघत काय उभे राहिलात? पट्टा बदला."