पोरगी ऑफिसात आहे

“संजू, थो लॅपटॉप बंद कर अन् चाय घेऊन ये. पाहुणे आले,” रुख्मिणी दारातून दबक्या आवाजात म्हणाली.

“आई, पुण्याची मिटिंग चालू हाये. आता माहाच नंबर हाये.”

“घरीच तर हायेस!”

हे ‘घरीच तर हायेस’ ऐकून संजीवनीचे कान किटले होते. कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी तिची आणि चुलतभाऊ कुलदीपची एकाच कंपनीत निवड झाली. तो पुण्याच्या ऑफिसात गेला. हिला वडिलांनी, तुळशीरामांनी, गावी जानेफळातच ठेवलं. “घरबसल्या तेच काम भेटते ना,” म्हणाले. काम तेच होतं खरं. पण कुलदीप कामाला बसला की काम करायचा, आणि ही बसली की मध्येच कुकर उतरवायची, म्हशीला पाणी दाखवायची, दळण आणायची. वर पुण्याचे साहेब म्हणायचे, “तुमचं बरंय मॅडम, घरी आराम!” दोघांतल्या एकालाच कंपनी नोकरीवर ठेवणार होती, आणि ते आजच्या मिटिंगमधल्या बोलण्यावर ठरणार होतं.

रेंज फक्त ओसरीवर. बैठकही ओसरीवरच. मुलाचे आईवडील, मेहकरचे गुलाबराव आणि कौशल्याबाई, सतरंजीवर टेकले, तर दाखवायची मुलगी एका कानाला हेडफोन लावून पाठमोरी बसलेली! तुळशीरामांचा चेहरा उतरला.

“संजीवनी, ऊठ.”

पडद्यावर कुलदीपसमोर कोणीतरी चहाचा कप ठेवून गेलं. ते पाहून तिच्या डोक्यात सणक गेली. माइक बंद करून ती वळली.

“बाबा, कुलदीपले फोन करून म्हनता काय, ऊठ अन् चाय आन म्हनून? नाही ना? मंग मी बी ऑफिसातच हाये. सुट्टी झाली का येईन.”

आजवर मागची म्हैस दिसेल म्हणून तिने कॅमेरा कधी लावला नव्हता. आज लावला. म्हैस दिसली, पाहुणेही दिसले. दिसू देत! माइक चालू करून ती ठणठणीत बोलत सुटली.

“मंग पोरगी कवा दाखवता?” मागून कौशल्याबाईंनी तोंड वाकडं करून विचारलं.

बोलता बोलता संजीवनीला पडद्यावर, आपल्याच चौकटीत, ट्रे घेऊन येणारी आई दिसली.

“पोरगी ऑफिसात हाये,” रुख्मिणी म्हणाली, आणि ट्रेमधला पहिला कप तिने लॅपटॉपशेजारी ठेवला.