खळ्यावरची सडक

"मामाजी, बाजूला व्हा ना! ट्रक येऊन राहिला!"

माझे सासरे केशोराव सिमेंटच्या नव्या सडकेवर अर्ध्या भागात धान पसरून, कडेने दगड मांडून, पायाने धान फिरवत होते. ट्रक करकचून थांबला.

"ओ बाबा, सडक तेरे बाप की है क्या?"

"बापाचीच होती," मामाजी म्हणाले.

खोटं नव्हतं. सडक गेली ती आमच्या खळ्यावरूनच. आणि ती व्हावी म्हणून मीच देव पाण्यात घालून बसले होते. टीनाच्या वेळी कळा देत मी चिखलातून दवाखान्यात गेले होते. सरकारने रस्त्यात पैसा घातला की उत्पन्न वाढतं, असं बी.ए.च्या पेपरात मी पानभर लिहिलं होतं. वाढलंही. नवी राइस मिल आली, नवऱ्याला तिथं काम लागलं. फक्त धान कुठं वाळवायचं, ते त्या धड्यात नव्हतं.

"सोसायटीचा ओटा रिकामा आहे. तिथं काऊन नाही टाकत?"

"चारी बाजूनं भिंती हायेत. वारा कोठचा तिथं? आजानं वारा पाहूनच ही जागा धरली होती."

"तुम्ही वारा पाहा. ट्रक मीच पाहायचे का?"

दुपारी भात उतरवायला आत गेले, तेवढ्यात ब्रेक किंचाळला. धावले. मोटारीपुढे, हातभर अंतरावर, माझी तीन वर्षांची टीना आजोबांसारखे पाय घासत धान फिरवत होती.

मामाजींनी तिला उचललं. माझं तोंड थांबेना. "गेली असती ना पोरगी! खळं नाही राहिलं हे! किती वेळा सांगू?"

त्यांनी धान पोत्यांत भरून ओट्यावर नेलं. परत येऊन दगड उचलले, सडक झाडू लागले. जिथं धान नव्हतं तिथंही.

"आता कायले झाडता?" मी अजून धुमसतच होते.

आमच्याकडे खळ्यात चप्पल घालून जात नाहीत. शेवटचं धान उचललं की खळ्याच्या पाया पडतात. मामाजींनी चपला कडेला काढल्या, मधोमध गेले, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि सिमेंटवर डोकं ठेवलं. उठायला त्यांना वेळ लागतो.

मागून हॉर्न वाजला. टीनाला कडेवर घेऊन मी सडकेवर गेले आणि ट्रकला हात आडवा केला.